ललिताबाईंचं नाक

“मावशी, इथंच मारू ना भोक? एकदा मारलं का मंग बुजत नाही, सांगून ठेवतो.”

वीरेंद्र ड्रिल हातात धरून थांबला होता. कॉफी भाजायच्या यंत्राच्या तोंडावरच्या लोखंडी पत्र्यावर त्याने खडूने फुली मारली होती. राइस मिलच्या ड्रायरमध्ये तापमान मोजणाऱ्या सळया, म्हणजे प्रोब, बसवणं हा त्याचा रोजचा धंदा. पण कॉफीचं यंत्र तो आज पहिल्यांदाच पाहत होता, आणि ते त्याने आल्या आल्याच कबूल करून टाकलं होतं.

“मले कायले विचारतोस? तुह्या सळईचं तू पाह्य,” ललिताबाई म्हणाल्या.

त्यांच्या सुनेने, कामिनीने, चमकून वर पाहिलं. या खोलीत सासूबाईंना विचारल्याशिवाय चमचा जागचा हलत नसे. आज यंत्राला भोक पडत होतं, आणि त्या भिंतीला टेकून परक्यासारख्या बसल्या होत्या.

लाखनीच्या बाजारात ललिताबाईंनी उभं आयुष्य फुटाणे आणि लाह्या भाजण्यात घालवलं. रस्त्यापलीकडच्या भट्टीवर कोणाचा घाणा लागला, हे त्या आपल्या जागेवरून सांगायच्या. त्यावरून भांडणंही व्हायची, आणि ती त्याच जिंकायच्या. कामिनी लग्नाआधी नागपूरच्या एका कॉफीच्या दुकानात कामाला होती. तिने हे छोटं जुनं यंत्र आणलं, ट्रक चालवणारा नवरा भुपेंद्र ओडिशाकडून कच्च्या बिया आणू लागला, आणि भाजायला बसल्या ललिताबाई. चहाच्या गावात कॉफी कोण पिणार म्हणून लोक हसले. पण माल नागपूरला जायचा, त्यामुळे हसणाऱ्यांचं काही चाललं नाही. पाकिटावर नथ घातलेल्या ललिताबाईंचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘नाकाने पारखलेली कॉफी’. “माहं थोबाड कायले छापलं वं?” म्हणून त्या सुनेवर खेकसल्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या बहिणींना एकेक पाकीट पाठवून मोकळ्या झाल्या होत्या.

हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. हिंगाची फोडणी मुकी झाली, दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता लागला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. बिया तडतडू लागल्या की कानाला कळायचं. पण तडतडीनंतर किती थांबायचं हे नाकच सांगायचं, आणि आता त्या नुसता अंदाज मारत होत्या. एक माल कच्चा निघाला, एक जळका. नागपूरला सगळा माल घेणाऱ्या रिता मॅडमनी दोन्ही परत पाठवले. आज संध्याकाळच्या बसने जाणारा माल बिघडला तर त्यांची मागणी बंद होणार होती, आणि त्यांच्याशिवाय हे यंत्र पोसणं शक्य नव्हतं. कामिनी सगळा दोष यंत्राला देत होती. म्हणून तर वीरेंद्रला बोलावलं होतं. ललिताबाईंना मात्र दिसत होतं की यंत्र निर्दोष सुटलं की आरोपी एकच उरतो.

ड्रिल किंचाळलं. लोखंडाचा काळा चुरा खाली पडला. भोकातून वीरेंद्रने प्रोबची सळई आत सरकवली. तिची वायर आकडा दाखवणाऱ्या छोट्या डब्याला जोडलेली होती.

“आता ड्रम हातानं फिरवा, वहिनी. हळू. सळई बियायमंधी बुडली पाह्यजे, पन आतल्या पात्यायले लागली तर वाकली समजा.”

कामिनीने ड्रम फिरवला. तिघंही कान देऊन ऐकू लागली. एक पातं गेलं, दुसरं गेलं. घासल्याचा आवाज आला नाही. वीरेंद्रने नट आवळला.

“आता पयल्या घाण्याले मावशीनं सांगाचं, ‘काढ’. त्या टायमाले डब्यावर जो आकडा दिसन, तो आपला आकडा. सळईले का समजते? तिले तुमच्या नाकानंच शिकवा लागते.”

ललिताबाईंनी पदराने नाक पुसलं.

वीरेंद्र वायरला लावायची टेप आणायला बाहेर गाडीकडे गेला. कामिनीचा फोन वाजला, रिता मॅडमचाच. रेंजसाठी ती पुढच्या दारात गेली. खोलीत ललिताबाई एकट्या राहिल्या. हातांना सवय होती, हात कामाला लागले. सिलिंडर उघडला. भट्टीला करायच्या तसा यंत्राला हात लावून नमस्कार केला. ड्रिल मारण्यासाठी यंत्र पुढे ओढलं तेव्हा मागचा गॅसचा रबरी पाइप ताणला जाऊन सैल झाला होता, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हायवेवरून ट्रकांची रांग धडधडत चालली होती, त्यात बारीक फुसफुस ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी काडेपेटीतून काडी काढली.

“आई! काडी ओढू नोका!”

कामिनीने झेप घेऊन त्यांचे दोन्ही हात आपल्या मुठीत आवळले. काडेपेटी खाली पडली. तिने सिलिंडर बंद केला, मागचं दार सताड उघडलं आणि चौकटीला धरून उभी राहिली. वीरेंद्र धावत आला.

“बापरे! बाहेरपर्यंत वास येऊन राहिला. मावशी, तुमाले आला नाही?”

ललिताबाईंनी सुनेकडे पाहिलं. करपलेलं दूध, कच्चा माल, जळका माल, सगळं एकामागून एक तिच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. पोरीचा धंदा आपण बुडवत आणला, आता ती चार माणसांत बोलली तरी ऐकून घ्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

“सर्दी झाली हाये त्यायले,” कामिनी म्हणाली. “तुमी आधी पाइप पाहा, भाऊ.”

“मंग घाना कसा काढाचा?”

“काढतीन त्या.”

पाइप नीट आवळून वीरेंद्रने सांध्यावर साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही. वास पुरता गेल्यावर कामिनीने स्वतः बर्नर पेटवला, ड्रम तापवला, बिया टाकल्या. डब्यावरचा आकडा आधी घसरला, मग चढू लागला. बिया पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या, तडतडल्या.

कामिनीने लांब चमच्यात नमुना काढला आणि नेहमीसारखा सासूच्या नाकासमोर धरला. तिचा दुसरा हात मात्र आज सासूच्या पाठीवर होता, वीरेंद्रला दिसणार नाही असा. चमच्यावर दोघी वाकल्या होत्या. सुनेच्या नाकपुड्या हललेल्या ललिताबाईंनी पाहिल्या. चमचा आत गेला, पुन्हा बाहेर आला. धूर निळसर होत चालला. हिला कळेल का? इतकी वर्षं शेजारी उभी राहिली, पण आपण हिला कधी एकटीला ‘काढ’ म्हणू दिलं नाही. आकडा दोनशेच्या पुढे सरकला. अजून पाठीवरचा हात गप्पच होता.

पाठीवरची बोटं रुतली.

“काढ!” ललिताबाई भर बाजारात ओरडायच्या तशा ओरडल्या.

बिया खळखळत थाळीत पडल्या. वीरेंद्रने तो आकडा पत्र्यावर, भोकाच्या शेजारी, मार्करने लिहिला. “सर्दीत हे हाल, तर बिनासर्दीचं का सांगावं!” म्हणून तो हसला आणि अवजारं गोळा करून गेला.

बिया निवत होत्या. ललिताबाईंनी एक दाताखाली धरली. करकन फुटली. तुकडे तळव्यावर घेऊन त्यांनी उजेडात पाहिलं. आतून-बाहेरून एकच रंग होता.

“कधीपासून, आई?” कामिनीने विचारलं.

“त्या तापापासून.”

“सांगतलं काहून नाही मले?”

“पाकिटावर फोटो कोनाचा हाये वं?”

कामिनी पाकिटांची थप्पी घेऊन बसली. ललिताबाईंनी सवयीने ओंजळभर बिया नाकाशी नेल्या. मग ओंजळ सुनेपुढे केली.

“कसा येऊन राहिला वं वास?”

हा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाच विचारला नव्हता. कामिनी सासूच्या ओंजळीत वाकली, डोळे मिटून थांबली.

“आधी लाह्या फुटते तसा. मंग गुळाच्या पाकाचा. कढईले लागाच्या आधी येते ना, तसा.”

“लागाच्या आधीचा ना? लागलेला नाही?”

“आधीचा.”

“मंग भर,” ललिताबाई म्हणाल्या, आणि आपला फोटो असलेलं पाकीट उघडून तिच्यासमोर धरून बसल्या.