शिंप्याच्या आईचा जनाजा

मित्रांनो, मी मशिदीतला जुना माइक. कारखान्यातून आलो तेव्हा चकचकीत होतो. पुढे जाळीला पोचे पडले, वायर चिकटपट्टीच्या जोरावर तग धरू लागली. तरी अजान, जुम्म्याचं प्रवचन, हरवलेल्या पोरांची नावं, मयताची खबर, सगळं माझ्यातूनच मोहल्ल्यात पोचायचं. "काय खणखणीत आवाज आहे!" असं लोक म्हणायचे, तेव्हा मला भारी वाटायचं.

मशीद, मदरसा आणि कब्रस्तान एकाच संस्थेकडे होतं. संस्था जुन्या वळणाची. तिने गरिबांची मुलं शिकवली, बेवारस मयतांना माती दिली. म्हणून तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. त्या निवडणुकीत संस्थेने एका उमेदवाराला पाठिंबा दिला. गल्लीतला शिंपी मात्र त्याच्याविरुद्ध उभा राहिला.

मतदान तोंडावर आलं आणि शिंप्याची आई वारली.

संस्थेचे अध्यक्ष तडक मशिदीत आले. "इमामसाहेब, माइकवरून सांगा, त्या जनाज्याला कुणी जायचं नाही. आपोआप ताळ्यावर येईल तो."

"अहो, म्हातारी थोडीच निवडणुकीला उभी होती?"

"तुमची खोली संस्थेची आहे, एवढं ध्यानात ठेवा," म्हणून अध्यक्ष निघून गेले.

इमामसाहेबांनी मला उचललं. माझा जीव टांगणीला लागला. आता माझ्यातून काय बाहेर पडणार?

शेजारच्या खोलीच्या दारातून त्यांच्या बायकोने विचारलं, "सामान बांधायला घेऊ का?"

"घे," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. "शिंप्याच्या आईचं निधन झालं आहे. दुपारच्या नमाजनंतर जनाजा आहे. सगळ्यांनी या. जनाज्याची नमाज मी पढवणार आहे."

दुपारची नमाज संपली. बरेच जण मान खाली घालून सटकले. जनाज्याच्या नमाजसाठी उरलेल्यांची एक रांगही धड भरेना. तेवढ्यात संस्थेचेच एक वृद्ध सभासद काठी टेकत पुढे आले. शिंप्याला म्हणाले, "मत तुला देणार नाही. खांदा देणार." ते ऐकून बाहेर घुटमळणारे एकेक करून आत आले.

शिंपी निवडणूक हरला. इमामसाहेबांना खोली सोडावी लागली. माझ्या जागी नवा माइक आला आणि मी कपाटात गेलो. आता पुन्हा निवडणूक जवळ आली आहे. अध्यक्षांची पावलं वाजली की मला धडकी भरते.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण त्या नव्या माइकला जपा. त्याला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.