मुक्ताबाईंच्या पिशवीतला कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. पुस्तकातला नाही की वहीतलाही नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला असतो ना, बारीक अक्षरांचा, तो मी. माझ्या घड्या आता फाटायला आल्या आहेत, म्हणून सांगायचं ते सांगून टाकतो.

माझा जन्म दूरदेशी एका मोठ्या छापखान्यात झाला. दोन्ही बाजूंना मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं छापून यंत्रानं मला दाबून दाबून एवढासा केला आणि कॅप्सूलच्या पाकिटांशेजारी बसवला. त्या कॅप्सूल वजन कमी करण्यासाठी होत्या. जेवणातली काही चरबी त्या अंगात मुरू देत नसत. ती तशीच शौचावाटे निघून जाई. औषध वाईट नव्हतं. ते कुणी घ्यावं, कसं घ्यावं आणि कुणी आधी डॉक्टरांना विचारावं, हे सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटे. वाटायचं, लोक आधी मला उघडतील.

मलकापूरचा नागसेन मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. एका परदेशी बंदरात सोबत्याकडून त्यानं हे खोकं मिळवलं आणि १९९९ सालच्या भीमजयंतीला घरी आल्यावर थोरल्या बहिणीच्या हातात ठेवलं. मुक्ताबाई घरी शिवणाचा क्लास चालवत. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात नवी झडप बसवली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची आणि दर महिन्याला एसटीनं मिरजेला जाऊन रक्त तपासून यायचं, असा त्यांचा नेम होता. वजन उतरवा, असं मिरजेचे डॉक्टर सारखे सांगत.

"अक्का, तिकडं लोक ह्यानं बारीक होत्यात," नागसेन म्हणाला. "जेवताना एक घ्यायची."

"मला मानवंल न्हवं रं?"

"न मानवायला काय झालं? लय भारी औषध हाय."

मुक्ताबाईंची मुलगी पायल तेव्हा अकरावीत होती. तिनं मला बाहेर काढलं, उलगडलं. माझा जीव केवढा हरखला! पण दोन ओळींवरच ती थबकली. "बाई गं, किती बारीक! नंतर वाचते," म्हणत तिनं मला पुन्हा घडी घातली. नागसेन पुन्हा जहाजावर गेला.

पंधरा दिवसांत मुक्ताबाईंचं वजन दोन किलो उतरलं. शेजारच्या हरणाबाई म्हणाल्या, "आवं, वळखू येईनाशा झालाय की तुमी!" मुक्ताबाई लाजल्या. जेवायला कुठंही जायचं असलं तरी कॅप्सूल हवी, म्हणून त्या सगळं खोकं पिशवीतच ठेवू लागल्या. मीही त्यांच्याबरोबर हिंडू लागलो.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर-पुरीचं जेवण होतं. गोडधोड, तळलेलं जास्त होईल म्हणून मुक्ताबाईंनी दोन कॅप्सूल एकदम घेतल्या. दोन घेऊन गुण दुप्पट येत नाही, आणि ही कॅप्सूल चालू असताना तेलकट बेतानंच खावं, हे माझ्यावर लिहिलेलं होतं. पण पिशवीच्या तळाशी पडलेला कागद काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात सुत्तपठण चालू असताना त्यांच्या पांढऱ्याशुभ्र साडीला मागे, अंगात न मुरलेल्या चरबीचा नारिंगी तेलकट डाग पडला. त्यांना कळलंसुद्धा नाही. एका बाईनं हळूच पदर ओढून सांगितलं, तेव्हा त्या मान खाली घालून घरी आल्या.

त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं. एसटीत दोन-अडीच तास बसायच्या कल्पनेनंच त्यांना घाम फुटे. मिरजेची तपासणी एकदा चुकली, मग दुसऱ्यांदाही. कॅप्सूल मात्र त्यांनी सोडली नाही. भावानं एवढ्या लांबून आणली होती.

जुलैत दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर आपोआप निळे डाग उठू लागले. पायलनं हट्ट करून त्यांना गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "रक्ताच्या गोळीशिवाय दुसरं कुठलं औषध घेता का?"

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या.

पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि मी पिशवीत. डॉक्टरांचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मित्रांनो, त्या वेळी मला एकच शब्द बोलता आला असता तर!

"उद्याच्या उद्या मिरजेला जाऊन रक्त तपासा," डॉक्टर म्हणाले. मुक्ताबाईंनी मान डोलावली. पण एकटीनं एसटीत बसायला नको, पायलला सुट्टी असते त्या रविवारपर्यंत थांबू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शनिवारी कापड बेतताना त्यांच्या हातातून कात्री गळून पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. गल्लीतल्या सयाजीभाऊंच्या जीपमधून त्यांना मिरजेला नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

"रक्त एवढं पातळ झालंच कसं? गोळी जास्त पडली का?" तिथले डॉक्टर विचारत होते.

"न्हाई, गोळी मीच मोजून देते," पायल म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. तिनं पिशवी उपडी केली.

डॉक्टरांनी मला उघडलं. त्यांचं बोट ओळींवरून सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. चरबीबरोबर काही जीवनसत्त्वंही अंगाबाहेर जातात. रक्त गोठवायला लागणारं 'के' त्यातलंच एक. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्त वरचेवर तपासावं.

"हे आम्हाला आधी का नाही दाखवलं?"

"मामानं आणलं होतं," पायल रडत म्हणाली. "आईला ते औषध वाटलंच न्हाई, डॉक्टर. तिला ती भावाची भेट वाटली."

मुक्ताबाई वाचल्या. पण उजवा हात गेला तो गेलाच, आणि बोलणं तुटक झालं. डिसेंबरात नागसेन आला. बहिणीसमोर बसून त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला. मग तो मला घेऊन चुलीकडे निघाला. मुक्ताबाईंनी डाव्या हातानं त्याचा सदरा धरला.

"वाच," त्या पायलला म्हणाल्या.

पायलनं मला मांडीवर पसरलं आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेली. रक्ताच्या गोळीची ओळ आली तेव्हा मुक्ताबाईंनी बोट वर केलं.

"परत."

तिनं परत वाचली.

"परत."

मित्रांनो, कुणी कितीही मायेनं दिलं असलं, तरी औषध ते औषधच. ते घेण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि काय काय घेता ते सगळं सांगा. लाज वाटली तरी सांगा. माझी अक्षरं बारीक आहेत, हे मला कबूल आहे. वाचता आली नाहीत, तर मला तसंच घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मला स्वतःहून तिथवर जाता येत नाही.