रिपोर्टात न सापडलेलं दुखणं

नॉर्मल! या एका शब्दापायी किती घरांत किती बायकांचा छळ होतो, देव जाणे. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, मग बाई झोपून का? नाटकं! आणखी काय!

डहाणूच्या किनाऱ्यावर नर्मदाबाईंच्या घरी नेमकं हेच चाललं होतं. त्यांची सून सोनल दोन वर्षं अंगदुखीने हैराण होती. आज मान, उद्या कंबर, परवा पोटऱ्या. दुखणं एका जागी बसायलाच तयार नाही. रात्री झोप नाही आणि सकाळी उठताना अंग ठेचून काढल्यासारखं. नवरा जतीन बोटीवर मासेमारीला जाणारा. त्याने तिला चार ठिकाणी दाखवलं आणि चारही ठिकाणांहून तोच शब्द घेऊन परतला.

त्यात सोनल स्वतःच एक चूक करत होती. बोट किनाऱ्याला लागली की घरच्या बायका दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या काठ्यांवर, वाळत घालतात. हात भरभर चालावे लागतात, नाहीतर माल खराब होतो. ज्या दिवशी अंग जरा हलकं वाटे, त्या दिवशी सोनल उन्हात वाकून दोघींचं काम एकटी उपसायची. कोणाला बोलायला जागाच राहायला नको! आणि पुढचे चार दिवस अंथरुणात.

"काल बरी चालत होती गो कंबर!" नर्मदाबाई अंगणातून सुनावायच्या, तेही शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने.

बिचारी! आपण आळशी नाही हे दाखवायला राबायची, आणि तेच राबणं तिच्याविरुद्ध पुरावा व्हायचं.

शेवटी घरात ठरलं, सोनलला माहेरी वेवजीला पोचवायचं. "बरी झालीस की ये," जतीन म्हणाला. न्यायला कधी येईन, ते मात्र बोलला नाही. सोनल काय समजायचं ते समजली. तिचा भाऊ दीपेश याने फोनवर हट्टच धरला, म्हणून वाटेत तलासरीच्या एका डॉक्टरांना शेवटचं दाखवायचं होतं. जतीनबरोबर नर्मदाबाईही मुद्दाम निघाल्या. रिक्षात सोनलची भरलेली बॅग पायाशी होती.

डॉक्टर मयुरा काही विचारणार, त्याआधीच नर्मदाबाईंनी तोंड उघडलं. "डॉक्टर, हिला काय झालेलं नाही, हे एकदा हिच्या तोंडावर सांगा. म्हणजे आम्ही सुटलो!"

डॉक्टरांनी सोनलला नीट तपासलं, जुने कागद चाळले आणि विचारलं, "झोप लागते का गं?"

दोन वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं! सोनलचे डोळे भरून आले. "हे समुद्रावर गेले की नाही लागत. दोन वर्षांमागे वादळात यांची बोट वेळेवर परतली नव्हती ना, तेव्हापासून. जरा डोळा लागला की दचकून उठते."

"याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "आजार खरा आहे. नेहमीच्या तपासण्यांत तो दिसत नाही, एवढंच."

जतीन उसळला. "वादळ, काळजी... म्हणजे मनाचंच ना? मग हिने मनावर घेतलं की जाईल!"

"तुमच्या बोटीवर वायरलेस आहे ना? त्याचा आवाज पूर्ण वाढवला तर?"

"साधी खरखरसुद्धा डोकं उठवते."

"हिच्या शरीरात दुखण्याचा आवाज तसा वाढून बसलाय. नुसतं वाकलं तरी कळ येते, आणि ती कळ खरी असते. झोपमोड, धसका, काळजी यांनी ती वाढते. आणि घरात कोणी विश्वास ठेवत नाही, त्यानेही वाढते."

"मनातून उठलेलं दुखणं म्हणजे खोटंच की हो!" नर्मदाबाई हट्टाला पेटल्या.

"मावशी, त्या वादळात तुम्हाला काय होत होतं?"

"काय सांगू! पोटात अशी कळ, की उभं राहवेना. घोटभर पाणी प्यायले तरी उलटून पडायचं. बोट दिसली तेव्हा कुठे थांबलं."

"तेव्हा पोटाचा फोटो काढला असता तर काय दिसलं असतं?"

"काय दिसणार? काही नाही."

"मग तुम्ही नाटक करत होतात?"

"नाटक? अहो, माझा पोरगा होता त्या बोटीवर!" नर्मदाबाई कडाडल्या. आणि बोलता बोलताच त्यांची नजर सोनलकडे गेली. अरे देवा! त्याच बोटीवर हिचा नवरा नव्हता का?

त्या सोनलच्या बाजूला सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी कळ थांबली गो. तुझी थांबलीच नाही."

डॉक्टरांनी उपचार समजावून दिले. झोपेची वेळ ठरलेली हवी. रोज थोडं चालायचं आणि ते हळूहळू वाढवायचं. मनातल्या भीतीबद्दल समुपदेशकाशी बोलायचं, आणि लागेल तेवढं औषध. "आणि सोनल, बरं वाटेल त्या दिवशी हात आवरायचा. तेच तुला जड जाईल."

बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "आता वेवजी ना?"

"डहाणू!" नर्मदाबाई जतीनच्या आधी बोलल्या. "आणि जतीन, दीपेशला फोन कर. म्हणावं, तुझी बहीण आपल्या घरी चाललीय."

सोनल लगेच बरी झाली का? छे! काही आठवडे बरे गेले, काही वाईट. झोप मात्र सुधारत गेली, आणि अंथरुणातले दिवस कमी झाले. एका सकाळी तिचे हात बोंबलांवर भराभर चालायला लागले, तशा नर्मदाबाई पुढे आल्या आणि त्यांनी तिच्या हातातली जोडी काढून घेतली. "पुरे. ऊठ, सावलीत बस."

शेजारची भाविनी फिसकन हसली. "अगं, चांगले चालत होते की हात तिचे!"

"चालत होते म्हणूनच उठवलं! उद्याही चालायला हवेत ना?"

वाचकहो, दुखण्यात मनाचा वाटा सापडला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. उलट उपचाराची आणखी एक वाट सापडते. तुमच्याही घरात कोणी 'सगळं नॉर्मल' असूनही कण्हत असेल, तर तिच्याकडे पुरावा मागू नका. जवळ बसा, झोप लागते का विचारा, आणि ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.