मोठ्या साहेबांवर वाजलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. सायकलवरची नाही आणि शाळेतलीही नाही. मी टेबलावर बसून काम करते. पालथी घातलेली पितळी वाटी आणि तिच्या डोक्यावर एक बोंड, एवढाच माझा पसारा. बोंडावर बोट दाबलं की मी ‘टिंग’ करते आणि बोलणाऱ्या माणसाला खाली बसावं लागतं. चाळीस वर्षं मी लोकांना गप्प बसवलं आहे. म्हणून मला उद्धट समजू नका. गप्प बसवणं हेसुद्धा चांगलं काम असतं, फक्त ते सगळ्यांना सारखं लागू असावं लागतं.

मला घडवणारा कारागीर कानांनी अधू होता. घंटी तयार झाली की तो तिची कड दातांत धरून वाजवायचा आणि थरथर हाडांत उतरली की मान डोलवायचा. माझ्या वेळी त्याने दोनदा मान डोलवली होती. हे मी ज्याला त्याला सांगते. आपली टिमकी आपणच वाजवावी लागते, आणि मला तर वाजायची सवयच आहे.

तिथून मी सीमेजवळच्या एका गावात, एका राजकीय पक्षाच्या कचेरीत आले. खाली चपला दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. जिना चढणाऱ्याच्या पाठोपाठ चपला चिकटवायच्या सोल्युशनचा वास वर यायचा. पक्षाचा एक जुना नियम होता. सभेत बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं मिळायची. टेबलावर वाळूचं घड्याळ असायचं, वाळू संपली की मी वाजायचं. घड्याळ मुकं आणि मी तोंडाळ, त्यामुळे शिव्या मात्र मलाच बसायच्या.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. माझा आवाज आला की बोलणारा वाक्य तिथेच सोडून बसायचा. पुढे पक्ष वाढला आणि राजधानीतून मोठे साहेब येऊ लागले. ते आले की कुणीतरी घाईघाईने म्हणायचं, “अरे, ती घंटी आत ठेवा. बरं दिसत नाही.” मग माझी रवानगी ड्रॉवरमध्ये. तिथे टाचण्या, जुने बिल्ले आणि सुकलेल्या शाईची बाटली हे माझे शेजारी. अंधारात बसून मी साहेबांचं दीड तासाचं भाषण ऐकायची. साहेब गेले की मला पुन्हा बाहेर काढायचे आणि एखाद्या गवंड्याला अर्ध्या वाक्यात खाली बसवायचे. त्या दिवसांत मला माझ्याच आवाजाची लाज वाटायची.

मग निवडणुकीचं वर्ष आलं. बेकायदा सीमा ओलांडून येणाऱ्यांबद्दल पक्षाचं म्हणणं काय, हे जाहीरनाम्यात लिहायचं होतं. पक्षाची परिषद आमच्याच गावात भरली, कारण तारेचं कुंपण इथून दोन कोसांवर होतं. एकशे एक प्रतिनिधी जमले. ठराव संध्याकाळी छापायला जाणार होता, म्हणजे जे काही व्हायचं ते दुपारपर्यंतच.

साहेबांनी मसुदा लिहूनच आणला होता. कुंपण पक्कं करायचं, पहारा वाढवायचा, माणसं चोरून आणणाऱ्या दलालांना तुरुंगात टाकायचं. इथपर्यंत बहुतेकांच्या माना हलल्या. शेवटचं कलम होतं, ‘विनाकागद सापडलेल्या माणसाला त्याच दिवशी गाडीत बसवून परत पाठवावे.’

साहेब यायच्या आधी कुणीतरी नेहमीप्रमाणे मला आत ठेवलं होतं. अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्या. बाई निवृत्त परिचारिका, आवाज बारीक आणि हात घट्ट. त्यांनी ड्रॉवर उघडला, मला बाहेर काढलं आणि पदराने पुसून टेबलावर ठेवलं.

पहिली उठली गावातली वकीलबाई. तिचं म्हणणं, कुंपणच नको, पहाराही नको. तिच्या मागच्या रांगेत तिचे सख्खे मामा बसले होते. ते सीमेवरचे निवृत्त पहारेकरी, गळ्यात अजून शिट्टी, म्हणून सारं गाव त्यांना शिट्टीकाका म्हणे. या विषयावरून मामा-भाची वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. तिची तीन मिनिटं झाली, मी वाजले, ती बसली. मग शिट्टीकाका उठले. निवृत्त झाल्यापासून ते सभांना येत होते, पण बोलायला उठल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

“मी अठ्ठावीस वर्षं तारेवर पहारा दिला,” ते म्हणाले. “बंद गाडीत माणसं कोंबलेली मी पाहिलीत. त्यामुळे पहारा काढा म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी भाची असली तरी नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आपला गवंडी अकरा महिने गावातून गायब होता, आठवतं? त्याला गाडीत मी बसवलं होतं.”

गवंडी शेवटच्या रांगेत होता. त्याने मान वर केली.

“तो सारखं सांगत होता, कागद कोटात आहे, कोट कामावर खुंटीला आहे. मी म्हटलं, सगळे असंच सांगतात. गाडी सुटायची होती. दोन दिवसांनी कोट सापडला, कागद खरा निघाला.” काकांनी गवंड्याकडे पाहिलं. “इथे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मी त्याला एकही दिलं नाही. माझी दुरुस्ती लिहून घ्या. पाठवायचं असेल त्याला जरूर पाठवा, पण त्याचं ऐकून झाल्यावर. ऐकल्याशिवाय कुणालाही गाडीत बसवायचं नाही.”

वाळू अजून उरली होती, तोवरच ते बसले.

“लहान तोंडी मोठा घास!” मोठे साहेब उठले. “काका, तुमचं मन मोठं आहे. पण सुक्याबरोबर थोडं ओलं जळणारच.” मग ते बोलू लागले. बोलत राहिले. वाळू संपली. अध्यक्षबाईंचं बोट माझ्यावर आलं.

टिंग!

साहेब बोलतच होते. बाईंनी पुन्हा दाबलं. मी अशी वाजले की तो कारागीर जिथे असेल तिथे त्याच्या दातांना ते कळलं असेल.

“साहेब, वेळ झाली. बसा.”

“मी?”

“तीन मिनिटं सगळ्यांना सारखीच.”

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते बसले. अख्खं सभागृह तोंडात बोट घालून पाहत राहिलं. त्या एका ‘टिंग’ने माझी चाळीस वर्षं सार्थकी लागली.

मग गवंडी उठला. काकांकडे न बघता म्हणाला, “माझ्या धाकट्या भावाला दलालाने मालगाडीत कोंबलं होतं. तो गेला त्यातच. म्हणून पहारा मला पाहिजे. आणि त्या दिवशी कुणीतरी माझं ऐकायला पाहिजे होतं, म्हणून ही दुरुस्तीही पाहिजे. काकांशी माझं काय ते मी नंतर बघीन.”

“दुरुस्तीला अनुमोदन कोण देतं?” बाईंनी विचारलं.

वकीलबाई उभी राहिली. “कुंपणाबाबत मामांचं मला पटलेलं नाही,” ती म्हणाली. “पण अनुमोदन मी देते.”

हात वर झाले. बाजूने अठ्ठावन्न, विरुद्ध त्रेचाळीस. टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं वाजली. मामा-भाची मिठी मारून रडले, आणि गवंड्याने त्या मिठीत गळ्यातून निसटून खाली पडलेली काकांची शिट्टी उचलून त्यांच्या हातात दिली. संध्याकाळी ठराव छापायला गेला तो दुरुस्तीसह गेला.

निवडणूक पक्षाने जिंकली. काही महिन्यांनी सीमेवरच्या चौकीत, विनाकागद सापडलेल्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला, एक नवी खोली उघडली. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, दुभाषा आणि निकाल देणारा अधिकारी. अध्यक्षबाईंनी मला तिथे भेट दिलं. रजिस्टरात माझी नोंद झाली, पोटावर नंबर चिकटला. पक्षाची होते, ती आता मी सरकारची झाले.

पहिल्या दिवशी चौदा जण आले. नऊ जणांना परत जावं लागलं, पाच जण राहिले. पण चौदाही जण आपलं म्हणणं सांगून गेले. इथे माझं काम उलटं आहे. मी वाजले की माणूस आत येतो आणि बोलायला लागतो.

म्हणून मित्रांनो, जाता जाता एक विनंती. मला घासूनपुसून लखलखीत ठेवलं नाहीत तरी चालेल. पण मोठं माणूस आलं म्हणून मला ड्रॉवरमध्ये लपवू नका, आणि लहान माणूस दिसलं म्हणून माझ्या बोंडावर झडप घालू नका. नियम पाळला तरच माझ्या आवाजाला किंमत आहे. नाहीतर मी नुसती पालथी वाटी.

आणि हो, वाळूच्या घड्याळाचं सांगायचं राहिलं. ते मात्र कचेरीतच आहे. त्यालाही इकडे आणणार होते, पण शिट्टीकाकांनी ते पेटीतून काढून परत टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे इथेच राहू दे. तिकडे बोलणाऱ्याला पुरेल एवढा वेळ देऊ.”