दोन बोटे भेटतात ते घर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रे आहे. अरुंद, पण दोन हात लांब. जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीत मी तेहतीस वर्षे काढली. चिठ्ठ्या टाकून निवडलेली पाचशे एक घरे दरवर्षी माझ्यात राहायला येत. म्हणजे त्यांची कार्डे. एका घराचे एक कार्ड, त्यावर त्या घराचे वर्षाचे उत्पन्न.

सर्वांत कमी उत्पन्नाचे कार्ड डावीकडे, सर्वांत जास्तीचे उजवीकडे. मग कार्डे लावणाऱ्या आमच्या कारकून अक्का दोन्ही टोकांना एकेक बोट ठेवत आणि दोन्हीकडून एकेक कार्ड सोडत आत येत. बोटे भेटली की ते मधले घर. त्याचे उत्पन्न म्हणजे जिल्ह्याचा त्या वर्षाचा मध्यक.

“सरासरी का नको?” असे कुणी विचारले की अक्का म्हणत, “गल्लीत गिरणीमालक राहायला आला की गल्लीची सरासरी वाढते. शेजाऱ्याच्या ताटात काय पडतं?”

मला गोष्ट सांगायची हीच एक रीत येते. म्हणून माझे आयुष्यही दोन्ही टोकांकडून आत येत सांगतो.

डावीकडून. एका सुताराने मला दाराच्या उरलेल्या फळीतून घडवले. रंधा मारताना तो म्हणाला, “दार व्हायचं नशिबात नव्हतं, बाळा. पण घरांशी तुझी गाठ आहेच.”

उजवीकडून. आज मी अक्कांच्या खिडकीत आहे. माझ्यात चार कुंड्या आहेत. पाणी झिरपते, पण बरे वाटते.

डावीकडून. दरवर्षीच्या मधल्या घराचा एक ठिपका भिंतीवरच्या तक्त्यावर पडे. अक्का आधी जुन्या रकमा आजच्या भावात बदलून घेत. “नाहीतर महागाईलाच आपण श्रीमंती समजू,” म्हणत. पाहुणे आले की साहेब तक्ता दाखवत आणि माझ्या पाठीवर थाप मारत.

उजवीकडून. मग संगणक आला. माझे आठवड्याचे काम तो पापणी लवायच्या आत करू लागला. मी अडगळीत गेलो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. भंगारवाला मला उचलणार, तेवढ्यात निवृत्तीच्या दिवशी अक्कांनी मला काखेत मारले.

आता बोटे भेटली. हे सतरावे वर्ष.

त्या वर्षी मी हलका होतो. पाचशे एकऐवजी चारशे बाराच कार्डे आली. पाहणी घाईत झाली होती. एरवी बंद घरांकडे माणसे संध्याकाळी पुन्हा जात; यंदा कुणी गेले नाही. ‘कुलूप’ लिहिलेल्या एकोणनव्वद चिठ्ठ्या अक्कांनीच खणात टाकल्या. त्यांना वाटले, सगळीकडची थोडी थोडी घरे गळली, मध्य काही हलणार नाही.

मध्य हलला. ठिपका टुणकन वर गेला, सरकारने मदतीसाठी ठरवलेल्या रेषेच्याही वर. रेषेच्या वर गेलेल्या जिल्ह्याचा फिरता दवाखाना बंद होणार होता. तरी साहेब खूश. “अक्का, जिल्हा सुधारला!” सही करून त्यांनी अहवाल पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या मावशी फरशी पुसत होत्या. “अक्का, दवाखान्याची गाडी बंद होणार म्हणे? आमच्या ह्यांच्या दम्याची औषधं तिच्यातूनच येतात हो. आणि सुधारलं कोण? आमच्या दारावर नुसती खडूची फुली मारून गेले. घरात कोण असणार? मी इथे पुसतेय, हे गोदामावर.”

अक्कांचा हात माझ्या कडेवर थांबला. त्यांनी खण उघडला.

“साहेब, जिल्हा सुधारला नाही. आपण फक्त उघड्या दारांचा जिल्हा मोजलाय. ज्यांच्या घरातलं प्रत्येक माणूस राबायला जातं, ती घरं माझ्या खणात आहेत.”

“अहो, अहवाल गेला की! आता चूक सांगायची? हसं होईल आपलं.”

“आपलं नाही, माझं. चूक माझी आहे, तसंच लिहून द्या.”

पुढच्या नऊ संध्याकाळी अक्का आणि मावशी दारोदार फिरल्या. एकोणनव्वद कार्डे माझ्यात आली आणि बहुतेक सगळी डावीकडे बसली. माझे डावे टोक इतके जड झाले की टेबल करकरले. अक्कांची बोटे पुन्हा निघाली, भेटली. मधले घर मावशींचे नव्हते. त्यांचे पुष्कळ डावीकडे होते. पण ठिपका रेषेखाली उतरला. जुना ठिपका अक्कांनी खोडला नाही. त्याच्याशेजारी लिहिले, ‘हा माझा चुकला.’

साहेबांनी दुरुस्त अहवाल पाठवला. महिन्याभराने मावशी हसत आल्या. “काल गाडी आली होती, अक्का. बाटलीसुद्धा मोठी दिली.”

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. ती अक्का घेतात, रोज सकाळी पाणी घालून. एवढेच मागतो. कधी तुम्ही घरोघरी विचारत फिरलात आणि एखाद्या दाराला कुलूप दिसले, तर ते घर सोडून देऊ नका. आतली माणसे कामावर गेली असतील. संध्याकाळी परत जा.