बेचाळीस दिवसांनंतरची मी

मी बॉयलर कोंबडी बोलतेय. नाक मुरडू नका. ज्या जातीचं आयुष्य माणसांनी बेचाळीस दिवसांचं ठरवलं, त्या जातीतली मी, दोन हिवाळे पाहून उभी आहे.

फरगाण्याच्या खोऱ्यात, ओयदिनखालाच्या, म्हणजे ओयदिनमावशीच्या, अंगणात आम्ही साठ पांढरी पिल्लं खोक्यातून आलो. तिथे आधीच लाल कोंबड्या होत्या, सावकाश अंग धरणाऱ्या. उंच मानेच्या गावठी होत्या, त्या जर्दाळूवर चढून बसायच्या. आम्ही मात्र खायचो आणि भांड्यापाशीच झोपायचो. चौथ्या आठवड्यात आमचं अंग पायांना पेलेना.

"ही कोंबडी आहे की मळलेली कणीक?" खालाचा नवरा युलदाश हसायचा.

मला राग आला. कुंपणाखालच्या फटीतून मी लाल कोंबड्यांमागे पाटाकडे जायला लागले. दहा पावलं चालायचं, बसायचं, धापा टाकायच्या, पुन्हा उठायचं. गावठींनी टोचून हाकललं. तरी गेले.

मग चिल्ला लागला, उन्हाळ्याचे ते चाळीस कडक दिवस. एका दुपारी वीज गेली आणि खुराड्यातले पंखे थांबले. मी तुतीखाली पाटाच्या चिखलात होते. आत माझी भावंडं चोच वासून पडत होती. खाला एकेकीला पोटाशी धरून बाहेर आणत होती, पाणी शिंपडत होती. निम्मीसुद्धा वाचली नाहीत.

उरलेल्यांना न्यायला पुलावाच्या खानावळीचा आचारी आला. त्याने माझ्या मांड्या चाचपल्या.

"खाला, ही तुम्हालाच ठेवा. नुसत्या तंगड्या!"

"रश्श्याला तरी होईल," म्हणत युलदाशने सुरी घेतली. मी त्याच्या हाताला असं टोचलं की रक्त आलं.

"अहो, ठेवा ती सुरी!" खाला मध्ये आली. "साठातली ही एकटी आपल्या पायांनी जगलीय. हिची पिल्लं कशी निघतात ते बघायचंय मला."

"बॉयलरची पिल्लं? अगं, शेजारी हसतील."

"हसू देत. मेलेल्या कोंबड्या पुरायला आला होता का एक तरी शेजारी?"

माझी अंडी थोडीच. गावठी कोंबडीने ती उबवली. बाप उंच मानेचा गावठी कोंबडा. पिल्लं अंगाने माझ्यासारखी भरली, पायांनी त्याच्यासारखी उंच झाली. पुढच्या चिल्ल्यात त्यांतलं एकही मेलं नाही. हसणारे शेजारी आता अंडी मागायला येतात.

माझी पिल्लंही पुलावातच जातात, ठाऊक आहे मला. खाऊ नका, असं मी म्हणत नाही. पण आम्हाला उभंच राहता येणार नाही इतकं अंग आमच्यावर लादू नका. हे मी विनवून नाही, बजावून सांगतेय.

आता माझे गुडघे सुजलेत. सावलीत न्यायला खाला वाकली की मी पंख फुगवते.

"मर मग उन्हात, हट्टी कुठली!" ती म्हणते. आणि माझ्या चालीने, थांबत थांबत, माझ्या शेजारून चालते.