डोंगर नसलेल्या गावचा दोर

मी एक जुना रबरी दोर आहे. तीन पदरांचा, दोन ठिकाणी गाठी मारलेला, एका टोकाला लाकडी मूठ असलेला. दिसायला काही खास नाही, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, मला भंगार म्हणणाऱ्याने आधी इथे कॅनडात, विनिपेगला यावं आणि इथे एक तरी टेकडी दाखवावी.

आमचं शहर पोळपाटासारखं सपाट. बर्फ पाच महिने, उतार मात्र औषधालाही नाही. स्कीइंगला डोंगर हवा, वर नेणारे पाळणे हवेत, त्यांचा पास हवा, असं लोक सांगतात. माझ्या मालकिणीच्या, लेस्याच्या घरी यातलं काहीच नव्हतं. तिचे वडील टायरच्या दुकानात कामाला. जुन्या ट्यूबा कापून, वेणी घालून त्यांनी मला तयार केलं. माझं एक टोक खांबाला बांधायचं, पायांत स्कीच्या पट्ट्या चढवून मूठ लेस्याने धरायची आणि तिच्या मित्राने, रोमेलने, तिला कमरेला धरून मागे ओढत न्यायचं. मी पुरता ताणला गेलो की त्याने सोडायचं. मग मी तिला असा खेचतो की सपाट जागेवरही डोंगराचा वेग मिळतो. त्या वेगात ती पायऱ्यांच्या कठड्यावर चढते आणि घसरत खाली येते. दुकानातले चकचकीत दोर मला हसोत. थंडीत रबर कडक होतं, म्हणून रोमेल मला जॅकेटच्या आत पोटाशी धरून ठेवतो. हा मान त्यांच्यातल्या किती जणांना मिळतो?

गेल्या फेब्रुवारीत आम्ही समाजकेंद्राच्या कठड्यामागे लागलो होतो. तीन रविवार लेस्या पडली. चौथा रविवार शेवटचा, कारण सोमवारी कठड्यावर लोखंडी गोळे बसणार होते. मग तिथून कुणालाच घसरता आलं नसतं. सकाळपासून दोघं फावड्याने बर्फ ओढून पायऱ्यांखाली उतरायला गादी रचत होते. दहाला रखवालदार येऊन हाकलणार, हे ठरलेलं.

साडेनऊला चाकांच्या खुर्चीतून मिस्टर डेजार्ले आले. पलीकडच्याच गल्लीतले, पिकलेल्या केसांची वेणी घालणारे, तोंडाने फटकळ. गादीचा निम्मा ढीग पायऱ्यांशेजारी चाकांच्या खुर्च्यांसाठी केलेल्या उतारवाटेवर पडला होता. ही अक्कल कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"तिथे आधीपासूनच बर्फ होता, काका," रोमेल म्हणाला. "आम्हाला वाटलं, तिथून कुणी येत नाही."

"बर्फ असतो म्हणून येत नाही. चार हिवाळे अर्ज देतोय, वाट साफ करा म्हणून. आणि तुम्ही तिच्यावर डोंगर बांधून ठेवलात."

रोमेलने मान खाली घातली. लेस्याने घड्याळ पाहिलं. वाट मोकळी करायची तर कठडा हातचा जाणार. खरं सांगतो, मलाही तो कठडा हवा होता. पण तिने मला खांबाशी तसंच सोडलं आणि फावडं उचललं. दोघांनी ढीग दुसऱ्या बाजूला लोटला, खालचा जुना बर्फही फोडून काढला. काम संपलं आणि रखवालदार आला. दोर सोडा आणि निघा, म्हणाला.

मिस्टर डेजार्ले मोकळ्या वाटेने वर आले आणि थेट केंद्राच्या दारात, रखवालदारापुढे थांबले.

"चार वर्षांत तुमच्याकडून झालं नाही, ते या पोरांनी अर्ध्या तासात केलं. तिचं झाल्याशिवाय मी इथून हलत नाही. बोलवा कुणाला बोलवायचं ते."

रखवालदाराने त्या वाटेकडे पाहिलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या. मी तोवर काठीसारखा ताठरलो होतो. मिस्टर डेजार्ल्यांनी मला मागून घेतलं आणि मांडीवरच्या घोंगडीखाली ऊब दिली. मग रोमेलने बांधलं, ओढलं, सोडलं. माझा एक पदर तटकन तुटला, दोन टिकले. लेस्या कठड्याच्या शेवटापर्यंत घसरत गेली आणि पायांवर उतरली. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

सोमवारी गोळे बसले. बसू देत. शहरात कठडे पुष्कळ आहेत आणि मी अजून ताणला जातो. मित्रांनो, मला हवं तेवढं राबवा, फक्त गारठ्यात उघड्यावर टाकू नका. आणि हातात फावडं असेल, तर आधी चाकांची वाट मोकळी करा. तिथून कुणी येत नाही, हे मला सांगू नका.